माध्यम सिद्धांताला पुस्तक कोणते लावावे?

प्रश्न : आमचे महाविद्यालय स्वायत्त झाले आणि पत्रकारिता व जनसंज्ञापनाच्या एम. ए. पहिल्या सत्राच्या ‘माध्यम सिद्धांत’ या चार श्रेयांकांच्या पेपरला क्रमिक पुस्तक आम्हीच ठरवायचे आहे. वर्गात २२ मुलेमुली आहेत. बहुतेक केज, धारूर, परळी भागातली, पदवीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली. मॅक्वेल यांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक लावावे तर जड जाते, मराठी गाइड लावावे तर पोकळ वाटते. काय करावे?
— एक प्राध्यापिका, अंबाजोगाई

उत्तर : मॅडम, पुस्तक हातात घेण्याआधी तास मोजा. चार श्रेयांक म्हणजे ६० तासिका. चाचण्या, सादरीकरणे, सणवार वजा जाता शिकवायला पन्नासेक उरतात, आणि सत्र चालते पंधराएक आठवडे. डेनिस मॅक्वेल यांचे पुस्तक सहाशे पानांच्या वर आहे. ते पूर्ण लावले तर आठवड्याला चाळीस पाने होतात, तीही सिद्धांताच्या इंग्रजीतली. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याकडून पहिल्या सत्रात आठवड्याला पंधरा पानांचे वाचन झाले तरी पुष्कळ. त्याहून जास्त दिले की वाचन बंद पडते आणि मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्यांची झेरॉक्स सुरू होते. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे सव्वादोनशे पाने. तुम्हाला निवडायची आहेत ती ही सव्वादोनशे पाने. ती एकाच पुस्तकातून येतील असा हट्ट धरू नका.

मॅक्वेल जड का जाते, हे नीट पाहिले पाहिजे. सगळा दोष भाषेचा नाही. ते पुस्तक विषयवार रचलेले आहे : माध्यमांची रचना, संस्था, आशय, श्रोते-प्रेक्षक, परिणाम. त्यामुळे गेटकीपिंग (कोणती बातमी आत घ्यायची, कोणती अडवायची याची निवड) संस्थांच्या भागात येते आणि अजेंडा सेटिंग (माध्यमे कोणत्या प्रश्नांकडे लोकांचे लक्ष वेधतात) परिणामांच्या भागात. ‘एकेक सिद्धांत’ शोधत आलेला विद्यार्थी त्यात हरवतो. ज्याला विषयाचा नकाशा आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी ते उत्तम आहे, म्हणजे शिकवणाऱ्यासाठी. स्टॅन्ली बॅरन आणि डेनिस डेव्हिस यांचे ‘मास कम्युनिकेशन थिअरी’ इतिहासाच्या क्रमाने जाते. प्रचारतंत्राच्या भीतीतून ‘मॅजिक बुलेट’ची, म्हणजे माध्यमांचा संदेश बंदुकीच्या गोळीसारखा थेट लागतो ही, कल्पना कशी आली, १९४० च्या निवडणुकीत ओहायोमधल्या ईरी काउंटीत लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीने ती कशी ढिली पडली, मग टीव्ही आल्यावर ‘माध्यमांचा परिणाम फार नसतो’ या निष्कर्षालाच कसे धक्के बसले. प्रत्येक सिद्धांत आधीच्या सिद्धांताला उत्तर म्हणून समोर येतो, म्हणून नवख्या वाचकाला दोरा सापडतो. दोष एकच, पण मोठा : उदाहरणे नखशिखान्त अमेरिकी. केवल कुमार यांचे ‘मास कम्युनिकेशन इन इंडिया’ १९८१ पासून सुधारत, वाढत आले आहे. भारतातली वृत्तपत्रे, आकाशवाणी, चित्रपट, जाहिरात यांसाठी ते हाताशी हवेच. पण सिद्धांताचा भाग त्यात थोडक्यात आटोपतो. तेवढ्यावर हा पेपर उभा राहत नाही.

तुमच्या वर्गासाठी आमचे मत असे : कणा म्हणून बॅरन-डेव्हिसमधली निवडक सहा-सात प्रकरणे, भारतीय भागासाठी केवल कुमार, आणि मॅक्वेलच्या दोन प्रती विभागात, टेबलावर. घरी नेण्यासाठी नव्हे.

पण आमचे मत आहे म्हणून घेऊ नका. कोणतेही पुस्तक, मराठी गाइडसुद्धा, पंधरा मिनिटांत पारखता येते. अनुक्रमणिका पाहून काही कळत नाही. सगळ्यांच्या अनुक्रमणिका सारख्याच असतात. एकच सिद्धांत घ्या आणि तेवढीच पाने वाचा.

अजेंडा सेटिंग घेऊ. मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डॉनल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल इथे १०० मतदारांना विचारले की त्यांच्या मते मुख्य प्रश्न कोणते. हे मतदार मुद्दाम निवडलेले होते : कोणाला मत द्यायचे हे न ठरलेले. त्याच वेळी त्या भागात येणारी वृत्तपत्रे, मासिके आणि टीव्ही बातम्यांत कोणत्या प्रश्नांना किती जागा मिळाली हे मोजले, आणि दोन क्रमवाऱ्या जुळवून पाहिल्या. मुख्य बातम्यांच्या बाबतीत सहसंबंध ०.९६७ इतका आला (१ म्हणजे दोन क्रम तंतोतंत सारखे). निबंध १९७२ साली छापून आला. आता हातातले पुस्तक यातले काय सांगते? ‘हा सिद्धांत मॅकॉम्ब्स व शॉ यांनी १९७२ साली मांडला, माध्यमे लोकांनी काय विचार करावा हे ठरवतात’ एवढेच असेल तर पुस्तक बंद करा. पहिला अर्धा भाग अपुरा आहे आणि दुसरा चुकीचा. दावा ‘काय विचार करावा’ असा नाही, ‘कशाविषयी विचार करावा’ असा आहे. न ठरलेलेच मतदार का घेतले, सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, पेपर लोकांच्या मागे जातो की लोक पेपरच्या, यांपैकी निदान एका प्रश्नाला हात घातला असेल तर पुस्तक ठेवण्यासारखे आहे.

चांगल्या पुस्तकाची आणखी एक खूण : त्यातला अभ्यास वाचून तो अंबाजोगाईत करून पाहता आला पाहिजे. एका दैनिकाच्या बीड जिल्हा पानाचे १४ दिवसांचे अंक घ्या. पट्टी घेऊन प्रत्येक प्रश्नाला मिळालेली जागा स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजा. मग एसटी स्टँडवर आणि आठवडी बाजारात चाळीसेक माणसांना विचारा : ‘आत्ता आपल्या तालुक्याचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?’ समजा पेपरचा क्रम आला पाणी, पीकविमा, रस्ते, गुन्हे, रोजगार. आणि लोकांचा आला पाणी, रोजगार, पीकविमा, रस्ते, गुन्हे. प्रत्येक प्रश्नाच्या दोन क्रमांकांतला फरक काढा : पाणी ०, पीकविमा १, रस्ते १, गुन्हे १, रोजगार ३. या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की १२. तिला ६ ने गुणले की ७२. प्रश्न पाच, म्हणून ५ गुणिले २४ म्हणजे १२० ने भागायचे : ०.६. एकातून वजा केले की ०.४ उरते. स्पिअरमनचा सहसंबंध तो हाच. चॅपेल हिलचे ०.९६७ आणि आपले ०.४ यांत एवढे अंतर का, यावर दोन तासिका आरामात जातात. रोजगार पेपरात शेवटी आणि लोकांत दुसरा का? तो रोजचा अनुभव आहे, त्यासाठी पेपर वाचावा लागत नाही. सिद्धांताची मर्यादा मुलांना इथे स्वतःच सापडते.

हे करताना तीन गोष्टी हमखास बिघडतात. मुले जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलकही मोजतात, ते वगळायचे. दुसरे, माणसांना पर्याय वाचून दाखवतात : ‘पाणी की रस्ते?’ तिथेच अजेंडा आपण ठरवला. प्रश्न उघडा ठेवायचा, उत्तर त्यांच्या शब्दांत लिहायचे, गट नंतर पाडायचे. तिसरे, मोजणारी दोन मुले एकच बातमी वेगवेगळ्या गटांत टाकतात. ‘पाण्यासाठी रास्ता रोको’ ही बातमी पाण्याची की रस्त्याची? मोजणीआधी दहा बातम्या सगळ्यांनी मिळून वाटून पाहा.

पाठ्यपुस्तकाच्या जोडीला मूळ लेखांचे एक छोटे चळत-पुस्तक, म्हणजे निवडक लेखांच्या प्रती एकत्र बांधलेला संच, करा. लोक समजतात मूळ लेख म्हणजे डोंगर. तसे नाही. मॅकॉम्ब्स-शॉ यांचा निबंध १२ पानांचा आहे. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांचा १९५० चा गेटकीपिंगवरचा लेख आठ-नऊ पानांचा : एका छोट्या शहरातल्या पेपरचा तारसंपादक, म्हणजे वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या बातम्या निवडणारा, एका आठवड्यात आलेल्या मजकुरापैकी सुमारे नऊ-दशांश मजकूर का फेकतो, आणि प्रत्येक कागदावर काय कारण लिहितो. मुले तो हसत हसत वाचतात. स्टुअर्ट हॉल यांचा ‘एन्कोडिंग/डीकोडिंग’ (माध्यमे अर्थ कसा भरतात आणि प्रेक्षक तो कसा लावतात) दहा-अकरा पाने, पण प्रत्येक पानाला वेळ लागतो. जर्मन विचारवंत हाबरमास यांचा लोकवृत्तावरचा (लोक एकत्र येऊन सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा करतात ती जागा) छोटा कोशलेख सात पाने; त्यांचे जाडजूड पुस्तक या टप्प्यावर नको. चार लेख मिळून चाळीसेक पाने झाली. आडोर्नो आणि होर्कहायमर यांचे संस्कृती-उद्योगावरचे लेखन पूर्ण देऊ नका, चार पाने द्या आणि वर्गात ओळ न् ओळ वाचा.

उरला आपल्या मातीचा भाग. तो कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. हाबरमास शिकवताना नॅन्सी फ्रेझर यांची १९९० मधली टीका जोडा : एकच लोकवृत्त नसते, ज्यांना बाहेर ठेवले जाते ते आपले प्रतिवृत्त उभारतात. आणि तिथे ३१ जानेवारी १९२० ला निघालेला डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ठेवा. पैसे देऊन त्याची जाहिरात छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला, हा इतिहास मुलांना माहीत असतो, तो माध्यम सिद्धांताचा भाग आहे हे माहीत नसते. परिणाम-संशोधनासाठी १९५६ चा पुणे आकाशवाणीचा शेतकरी श्रोतामंडळ प्रयोग घ्या : सुमारे १५० गावे, आठवड्याला दोनदा अर्ध्या तासाचे असे २० कार्यक्रम, ऐकून झाल्यावर गटात चर्चा, आणि मंडळ नसलेल्या गावांशी तुलना. फ्रेमिंगला, म्हणजे एखादी घटना कोणत्या चौकटीत मांडली जाते याला, तर मराठवाड्याइतके उदाहरण कुठे नसेल. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ ही साडेपंधरा वर्षे, आणि शेवटी ‘नामांतर’ झाले की ‘नामविस्तार’? एकाच घटनेला दोन शब्द. कोणी कोणता शब्द कधी वापरला हे जुन्या अंकांतून काढायला लावले की रॉबर्ट एंटमन यांची १९९३ ची व्याख्या, म्हणजे काही निवडणे आणि ते ठळक करणे, पाठ करावी लागत नाही.

प्रश्न : विभागाने मॅक्वेलच्या दहा प्रती मागितल्या आहेत. नवी आवृत्ती महाग पडते. जुनी घेतली तर चालेल का? आणि मुलांना प्रकरणे झेरॉक्स करून देणे कायद्यात बसते का?
— ग्रंथपाल, धाराशिव जिल्हा

उत्तर : पहिली आवृत्ती १९८३ ची. सहावी २०१० ची, मॅक्वेल यांच्या हातची. त्यांचे निधन २०१७ साली झाले. सातवी २०२० ची, मार्क ड्यूझ यांनी पुढे नेलेली, आणि तिच्या नावातही बदल आहे. गेटकीपिंग, अजेंडा सेटिंग, प्रेसचे सिद्धांत यांसाठी सहावी पुरते. डिजिटल माध्यमांसाठी सातवी लागते. म्हणून दोन प्रती सातवीच्या, तीन-चार सहावीच्या, आणि उरलेल्या पैशांत दुसरी पुस्तके. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती कपाटात शोभून दिसतात, एवढेच.

आवृत्त्या मिसळल्या की पानांचे क्रमांक जुळत नाहीत, प्रकरणेही सरकतात. शिक्षकांना सांगा, वाचन देताना पान नको, प्रकरणाचे नाव आणि उपशीर्षक द्या. नाहीतर अर्धा वर्ग वेगळेच वाचून येतो.

खरेदीत चूक बहुधा आयएसबीएनमध्ये, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकात, होते. एकाच आवृत्तीच्या कडक बांधणीचा आणि पेपरबॅकचा आयएसबीएन वेगळा असतो. कोटेशन मागवताना संकेतस्थळावरून पहिला दिसलेला १३ अंकी क्रमांक उचलला जातो, तो कडक बांधणीचा निघतो आणि बिल कितीतरी पट येते. पुरवठादाराला दोष देता येत नाही, मागितले तेच त्याने पाठवलेले असते. मागणीपत्रात ‘पेपरबॅक’ हा शब्द, आवृत्ती आणि वर्ष तिन्ही लिहा. पुस्तक आल्यावर दाखल नोंदवहीत घेण्याआधी मुखपृष्ठामागचे पान उघडा. ‘पुनर्मुद्रण २०२१’ असे छापलेले असले तरी आवृत्ती जुनीच असू शकते. मुद्रणाचे वर्ष आणि आवृत्तीचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झेरॉक्सविषयी : कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(i) नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत उल्लंघन ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर तीन बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तो फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने अपिलावर निकाल देताना शिकवण्यासाठी लागेल तेवढा मजकूर देता येतो हे तत्त्व मान्य केले आणि त्या चळत-पुस्तकांतला मजकूर खरोखर शिकवण्यापुरता होता का, हे तपासायला प्रकरण परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अर्थ काय, तर अभ्यासक्रमात नोंदलेली प्रकरणे त्या वर्गाला, त्या सत्रासाठी देता येतात. सबंध पुस्तक झेरॉक्स करून बांधून विकणे ही वेगळी गोष्ट. चळत-पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेपरचे नाव, सत्र, वर्ष आणि प्रत्येक लेखाचा मूळ संदर्भ छापा. नाव न छापलेल्या झेरॉक्सवरून मुले पुढे लेखकाचे नावच चुकवतात, हा त्याहून रोजचा तोटा.

महाविद्यालय इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचे (महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणारी योजना) सदस्य आहे का हेही पाहा. असले तर बरीच ई-पुस्तके आणि नियतकालिके त्यातच मिळतात. सदस्यत्व असते, पण मुलांची खाती कोणी उघडलेली नसतात, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. ई-पीजी पाठशाला या पदव्युत्तर अभ्यासाच्या संकेतस्थळावरचे घटक मोफत आहेत, तेही ग्रंथालयाच्या फलकावर लावा.

प्रश्न : इंग्रजी पुस्तक डोक्यावरून जाते. मराठी गाइडवर परीक्षा पास होता येते का? पुढे नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) द्यायची आहे.
— विद्यार्थी, परभणी

उत्तर : सत्र परीक्षा होईलही. नेटचे तसे नाही. दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत. तिथे ‘मौनाचा भोवरा’ (आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की लोक गप्प बसतात) लिहिलेले नसते, ‘स्पायरल ऑफ सायलेन्स’ असते. संकल्पना मराठीत समजून घे आणि संज्ञा इंग्रजीत पक्की कर.

गाइडमध्ये फसवतात ते शब्दच. ‘मॅजिक बुलेट’चे ‘जादूची गोळी’ केले की निम्मे विद्यार्थी औषधाची गोळी समजतात, कारण त्याच पानावर ‘इंजेक्शन’ही असते. इथे बंदुकीची गोळी आहे : नेमकी लागते, समोरचा काही करू शकत नाही. ‘पब्लिक स्फिअर’चे ‘सार्वजनिक क्षेत्र’ झाले की डोळ्यांपुढे वीज मंडळ आणि सरकारी बँका येतात. ‘लोकवृत्त’ हा शब्द बरा. ‘कल्टिव्हेशन’चे ‘मशागत’ केलेलेही दिसेल. जॉर्ज गर्बनर यांचे म्हणणे शेतीचे नाही : वर्षानुवर्षे टीव्ही पाहून जगाविषयीची समजूत हळूहळू मुरते. ‘क्रिटिकल’ म्हणजे टीका करणारे नव्हे, चिकित्सक. ‘हेजिमनी’ला ‘वर्चस्व’ म्हटले तर त्यातली लोकांची संमती गळून पडते, म्हणून ‘धुरीणत्व’.

वहीच्या मागच्या बाजूला चार रकाने आख : इंग्रजी संज्ञा देवनागरीत, मराठी शब्द, एका वाक्यात अर्थ, आपल्या भागातले उदाहरण. चौथा रकाना रिकामा राहिला तर संज्ञा समजलेली नाही असे धर. उदाहरणार्थ एव्हरेट रॉजर्स यांचा नवप्रसार सिद्धांत, म्हणजे नवी गोष्ट समाजात कशी पसरते : २.५ टक्के नवप्रवर्तक, १३.५ टक्के लवकर स्वीकारणारे, ३४ आणि ३४ टक्के बहुसंख्य, १६ टक्के मागे राहणारे. चौथ्या रकान्यात बीटी कापूस लिही. देशात त्याला परवानगी २००२ साली मिळाली. आपल्या गावात पहिले कोणी लावले, कोणाचे पाहून लावले, शेवटपर्यंत कोणी लावले नाही आणि का? रॉजर्स यांच्यावरची टीकाही तिथेच सापडेल. ‘मागे राहणारा’ माणूस अडाणी नसतो. त्याच्याकडे पाणी नसते किंवा पैसा.

गाइड घ्यायचेच तर दोन जागा तपास. एक, शॅनन-वीव्हर यांच्या संज्ञापनाच्या प्रतिमानात (आकृतीत) ‘प्रतिपुष्टी’चा, म्हणजे फीडबॅकचा, बाण काढलेला आहे का? मूळ प्रतिमान एकरेषीय आहे : स्रोत, प्रेषक, वाहिनी, गोंगाट, ग्राहक, गंतव्य. प्रतिपुष्टी पुढच्या लोकांनी घातली. दोन, ‘प्रेसचे सहा सिद्धांत’ सीबर्ट, पीटरसन आणि श्रॅम यांच्या नावावर आहेत का? त्यांच्या १९५६ च्या पुस्तकात चारच आहेत. विकास माध्यम आणि लोकशाही-सहभाग हे दोन मॅक्वेल यांनी १९८३ मध्ये जोडले. दोन्ही जागा चुकलेल्या असतील तर ते गाइड दुसऱ्या गाइडावरून उतरवलेले आहे.

प्रश्न : रील्स आणि एआयच्या काळात १९५० चे सिद्धांत कशाला? नवीनच पुस्तक लावू नये का?
— तासिका तत्त्वावरील अध्यापक, हिंगोली

उत्तर : सर, नवे पुस्तक जरूर पाहा, पण शेवटचे प्रकरण उघडून. ‘नवमाध्यमे’ हे प्रकरण मागे ठिगळासारखे लावलेले असेल आणि आधीच्या पानांत त्याचा मागमूस नसेल, तर आवृत्ती नावालाच नवी. गेटकीपिंगच्या प्रकरणातच शिफारस करणाऱ्या अल्गोरिदमचा विचार असेल तर घ्या. व्हाइट यांच्या तारसंपादकाने नाकारलेल्या प्रत्येक कागदावर कारण लिहिले होते. कळमनुरीच्या एखाद्या मुलाचे रील कोणालाच का दिसले नाही, याचे कारण कोणी लिहून देत नाही. जुना लेख आधी वाचलेला असेल तरच विद्यार्थ्याला हा फरक विचारता येतो. त्याला फार वेळ लागत नाही, दोन तासिका पुरतात.